बंड्याला द्यायचंय, पण कुणाला?

अगं, आधी ते रडणं थांबव बघू. बाळ झोपलंय तोवर चहा टाक आणि हे शांतपणे वाच. बंड्याने तुझ्या लेकाच्या मनगटावर तोंड टाकलं, सासूबाई म्हणाल्या ‘आजच्या आज बाहेर काढा’, नवरा म्हणतोय ‘ट्रेनर लावू’, आणि तू रात्रभर जागून स्वतःला दूषणं देत बसलीस. कुत्रं दुसऱ्याला देणारी बाई दुष्ट असते, हे जे तुझ्या डोक्यात बसलंय ना, ते आधी काढून टाक. मी माझी जॅकी दिली आहे. ती जिथे गेली तिथे माझ्याकडे होती त्यापेक्षा सुखात राहिली. तेव्हा माझ्याकडून ऐक.

खरं सांगू का, आज तुला घर शोधायचंच नाहीये. आज फक्त घरात कुणाला काही होऊ द्यायचं नाहीये. स्वयंपाकघराच्या दाराला ते लहान मुलांसाठी मिळतं ना, जाळीचं फाटक, ते लाव. बंड्याचं जेवण बंद दाराच्या आड, बाल्कनीत किंवा मागच्या खोलीत. तो जेवून बाहेर आला की ताटली उचलून ठेवायची. सोफ्यावर चढणं बंद, त्याची गादी कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात बाळ कधीच पोचणार नाही अशी सोय. बाळ आणि बंड्या एका खोलीत असताना तू पोळ्या लाटायला गेलीस, असं एक मिनिटही नको. ‘माझं लक्ष आहे’ म्हणजे काय ते मला माहीत आहे गं, एक डोळा फोनवर आणि एक कुकरच्या शिट्टीवर.

आणि तो गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. नवऱ्यालाही सांग. गुरगुरून तो बिचारा एवढंच सांगतोय की लांब व्हा. त्याबद्दल मार बसला तर पुढच्या वेळी सांगायचं सोडून थेट चावेल. मला एका जाणकार शेजाऱ्याने सल्ला दिला होता की कुत्र्याच्या ताटलीत हात घालायचा, म्हणजे घरात मालक कोण ते त्याला कळतं. मी जॅकीच्या दूधभातात हात घालून तिला शिकवायला गेले आणि तिनेच मला शिकवलं. त्याच्या उलट करायचं असतं. तो जेवत असताना मोठ्या माणसाने लांबूनच चिकनचा एखादा तुकडा ताटलीकडे टाकायचा आणि निघून जायचं. माणूस जवळ आलं की काढून घेत नाही, उलट जास्त मिळतं, हे त्याला हळूहळू कळतं. पण हा धडा मोठ्यांनी द्यायचा, रांगत्या बाळाच्या जिवावर नाही.

बाळाच्या अंगावर ओरखडा तरी उठलाय का, ते पुन्हा एकदा उजेडात नीट बघ. कातडी जरा जरी फाटली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. बंड्याला लस दिलेली आहे, आपलाच कुत्रा आहे, असं म्हणून घरी बसायचं नाही. इंजेक्शनं द्यायची का, किती, ते डॉक्टर ठरवतील. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, म्हणजे त्या दहा दिवसांत तर त्याला कुठेच पाठवायचं नाही. सासूबाईंना हे कारण पटेल बघ. डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे सगळं पटतं.

मग बंड्याला पशुवैद्याकडे ने. लसीपुरतं नको, नीट तपासायला. चांगला असलेला कुत्रा अचानक चिडका झाला तर निम्म्या वेळा आपण स्वभाव स्वभाव म्हणत बसतो आणि त्याचं काहीतरी दुखत असतं. लॅब्राडोर जातीत कानाचा त्रास फार, खुब्याचं दुखणंही असतं. किडलेला दात असतो. पावसाळ्यानंतर गोचिडीचा ताप येतो, कुत्रं मलूल होतं आणि हात लावू देत नाही. थायरॉइडही तपासतात. काही कुत्र्यांना माणसांसारखी चिंतेवरची गोळी लागते, ती डॉक्टरांनी दिली तर घाबरू नकोस, फक्त मनाने सुरू-बंद करू नकोस. मुंबईत माझ्या मावशीकडे कुठलंही जनावर आजारी पडलं की परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्यायची पद्धत होती. पुण्यात तुझ्या जवळपास जो खरा अनुभवी डॉक्टर असेल त्याच्याकडे जा आणि सगळं लिहून ने: कधी गुरगुरला, कुणावर, तेव्हा काय चाललं होतं, आदल्या दिवशी काय झालं होतं. घाईत आपण ‘तो चावरा झालाय’ एवढंच सांगतो आणि त्यातून डॉक्टरला काही कळत नाही.

एवढं झाल्यावरही द्यायचंच ठरलं तर द्यायचं. घरात रांगतं बाळ, बंड्याला ताटली आणि सोफा यांच्याजवळ कुणी आलेलं खपत नाही, आणि फ्लॅट दोन खोल्यांचा. हे गणित वाईट आहे आणि ते तुझ्या मायेने सुटणारं नाही. मात्र कारण फक्त सोसायटीचा दबाव असतं तर मी तुला देऊच दिलं नसतं. कुत्रं पाळायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, अगदी सर्वसाधारण सभेत ठराव करूनसुद्धा नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच लिहून ठेवलंय. सेक्रेटरीच्या नजरेला घाबरून बंड्याला देऊ नकोस. बाळासाठी देतेयस, हे कारण पुरेसं आहे.

आता सगळ्यात आधी कोण काय सुचवेल सांगू? ‘गावी शेतावर सोडून द्या, मोकळा फिरेल.’ तुझ्या सासऱ्यांचे मित्र हे म्हणतीलच, त्यांचं शिरूरकडे शेत असेल. अगं, शेतावरचा कुत्रा मोकळा फिरतो हे आपलं शहरातलं स्वप्न आहे. तिथे त्याला राखणीला ठेवतात, म्हणजे दिवसा साखळी आणि रात्री सुटका. साखळीवरचं कुत्रं पळून जाऊ शकत नाही, मग समोर येईल त्याच्यावर धावतं. ज्याला आधीच कुणी जवळ आलेलं खपत नाही, त्याला साखळीला बांधलं तर काय होईल तूच विचार कर. शिवाय जुन्नर, आंबेगाव, शिरूर म्हणजे उसातला बिबट्या आलाच. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात बिबट्या काय खातो याचा अभ्यास केला, त्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. फ्लॅटमध्ये पंख्याखाली झोपणारा तुझा बंड्या उसाच्या फडाशेजारी साखळीला. नको बाई.

आणि रस्त्यावर सोडून यायचं तर नावच काढू नकोस. नवऱ्याच्या कुणा मित्राने ‘लांब नेऊन सोड, कुणीतरी घालेल खायला’ म्हटलं असेल तर त्याला सांग, पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं मरेल असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दंड हास्यास्पद आहे म्हणा, पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. पण घरात वाढलेल्या कुत्र्याला गल्लीतली कुत्री उभं राहू देत नाहीत, आणि भुकेलेला बंड्या उद्या दुसऱ्याच्या लेकराच्या हातातल्या बिस्किटावर झेपावला तर? ते तुझ्या डोक्यावर राहील.

आश्रयगृहांचंही तुला आधीच सांगते, म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. तिथे आजारी, अपघातात सापडलेली, अंगावर किडे पडलेली जनावरं रांगेत असतात. धडधाकट, मालक असलेला, वर गुरगुरणारा कुत्रा ठेवायला त्यांच्याकडे बहुधा जागा नसते. शेजारी भुंकणारी पन्नास कुत्री आणि एकाच भांड्यात जेवण, तिथे बंड्या आणखी बिघडेल. पण त्यांना फोन जरूर कर. ठेवून घ्या म्हणू नकोस, तुमच्या ओळखीत कुणी असलं तर माझी जाहिरात त्यांना दाखवा म्हण. त्या लोकांना कुत्र्यांची माणसं माहीत असतात.

म्हणजे मुद्दा राहिला तो जाहिरातीचा, आणि इथेच सगळ्या बायका चुकतात. मी जॅकीची पहिली जाहिरात लिहिली तेव्हा ती वधूवर सूचक मंडळाच्या वहीतून उतरवल्यासारखी झाली होती. देखणी, प्रेमळ, घरगुती, शांत स्वभावाची, योग्य कुटुंब हवे. जॅकी आणि शांत! फटाक्याची लड लागली की पलंगाखाली जाऊन जो हात दिसेल तो धरायची. साहजिकच योग्य कुटुंबांचे भरपूर फोन आले आणि एकही योग्य नव्हतं. लपवून दिलेला कुत्रा परत येतो गं, आणि परत येतो तेव्हा आणखी एका घरातून हाकललेला, आणखी एक चावा नावावर असलेला असा येतो. त्याला घर मिळणं मग दुप्पट अवघड होतं.

तेव्हा जाहिरात अशी लिही:

‘बंड्या. लॅब्राडोर आणि गावठी मिश्र, चार वर्षांचा, वजन २६ किलो. नसबंदी झालेली, लसी पूर्ण. मोठ्या माणसांवर जीव टाकतो, फिरायला शहाणा, घरात घाण करत नाही, गाडीत ओकतो. जेवताना आणि सोफ्यावर झोपलेला असताना कुणी जवळ आलं तर गुरगुरतो. रांगत्या मुलाच्या मनगटावर एकदा तोंड टाकलं, दात लागले, जखम झाली नाही. ज्या घरात लहान मुलं आहेत किंवा नेहमी येतात तिथे देणार नाही. साखळीवर ठेवणार नाही अशांनीच फोन करावा. घर पाहिल्याशिवाय देणार नाही.’

बघ, यात ‘अर्जंट’ नाही आणि ‘फुकट’ही नाही. ‘नाहीतर रस्त्यावर जाईल’ असलं काही घालून कुणाला पाझर फोडू नकोस. दया येऊन नेलेला कुत्रा दया संपली की परत येतो. गाडीत ओकतो हे मात्र ठेव. ते वाचून जो हसेल आणि तरी फोन करेल, तो माणूस कामाचा. आणि वजन घाल, कारण साठीच्या बाईला २६ किलोचं कुत्रं पट्ट्याला धरून आवरेल का, ते तिला फोन करण्याआधी कळायला हवं.

चाव्याबद्दल लाजू नकोस, फक्त नेमकं लिही. इयान डनबार म्हणून एक पशुवैद्य आहेत, त्यांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत. पहिलीत नुसती हवेत झडप, दात अंगाला लागतच नाही. दुसरीत दात लागतात पण कातडीत शिरत नाहीत. तिसरीत एकाच चाव्यात दात शिरतात, पण फार खोल नाही. चौथीपासून खोल जखमा आणि पुढे पुढे अनेक चावे, शेवटची पायरी म्हणजे मृत्यू. तुझा बंड्या दुसऱ्या पायरीवर आहे. एवढ्या जवळ असताना त्याने चावायचं टाळलं. हे तू नीट सांगितलंस तर जाणता माणूस ऐकून घेतो. ‘चावतो’ एवढंच लिहिलंस तर कुणी फोनच करणार नाही, आणि ‘चावत नाही’ लिहिलंस तर नको ते लोक करतील.

फोन येतील तेव्हा बोलण्यावरून माणूस ओळखायचा. ‘आजच न्यायला येतो, ताई’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबव. ‘आणा हो, आठ दिवसांत सरळ करतो’ म्हणणारा काठी घेऊनच बोलत असतो, त्याला नमस्कार. ‘पोरांना खेळायला हवाय’ म्हणणाऱ्याने जाहिरात वाचलेलीच नाही. जातिवंत आहे का, पिल्लं काढता येतील का, असं विचारणाऱ्यापासून तर नसबंदीच वाचवते, म्हणून ती आधी झालेली बरी. जो तुला उलट प्रश्न विचारेल, बंड्या काय खातो, रात्री कुठे झोपतो, एकटा किती वेळ राहतो, गुरगुरला की तुम्ही काय करता, त्याचा नंबर वेगळा लिहून ठेव.

तूही विचार, आणि भिडस्तपणा करू नकोस. दिवसभर घरी कोण असतं? घरातल्या सगळ्यांना हवंय की एकट्यालाच? भाड्याचं घर असेल तर मालक काय म्हणतो? आधी कुत्रं होतं का, आणि ते कसं गेलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. ‘दोन होती, दोन्ही पळून गेली’ असं कुणी सांगितलं तर तू फोन ठेव.

आणि एक प्रश्न तुला सुचणार नाही, तो मी देते. मे महिन्याच्या सुट्टीत घरी कोण येतं? तुला वाटेल निवृत्त जोडपं म्हणजे उत्तम घर, मुलं परदेशात, शांत फ्लॅट, दोघांनाही वेळ. आणि मग सुट्टी लागली की अमेरिकेतून तीन नातवंडं उतरतात, त्यातलं धाकटं दीड वर्षाचं, आणि सोफ्यावर बंड्या. जॅकीच्या वेळी अगदी असंच एक सोन्यासारखं घर मी याच कारणासाठी सोडलं. त्या काकू दुखावल्या, पण नंतर त्यांनीच कबूल केलं की नातू आला की घरात चमचासुद्धा जागेवर राहत नाही.

तुला चांगलं घर शोधायचं नाहीये, बंड्याला जमणारं शोधायचंय. श्रीमंत, बंगला, बाग, कुत्र्यासाठी वेगळा एसी, यातलं काही त्याच्या उपयोगाचं नाही. त्याला दोनच गोष्टींचा त्रास आहे: खाताना कुणी येणं आणि झोपेत कुणी हात लावणं. जिथे या दोन गोष्टी सहसा घडतच नाहीत, तिथे बंड्या हा एक सरळ, लाडका कुत्रा आहे. एकटी राहणारी, घरून काम करणारी पस्तिशीची बाई एका खोलीच्या फ्लॅटमध्ये त्याला उत्तम सांभाळेल. बंगल्यातलं एकत्र कुटुंब नाही सांभाळू शकणार, ते कितीही प्रेमळ असलं तरी.

घर बघायला नवऱ्याला घेऊन जा. चहा घे, गप्पा मार आणि डोळे उघडे ठेव. गॅलरीत भिंतीला कडी आणि साखळी आहे का? दाराला जाळी आहे का, की दार उघडं टाकून बसायची सवय आहे? बंड्याची गादी कुठे टाकणार ते त्यांनाच दाखवायला सांग. मग त्यांना तुझ्याकडे बोलाव, एकदा नाही, दोनतीनदा, आणि त्यांच्याबरोबर फिरायला पाठव. तो जेवताना गुरगुरतो ते त्यांना लांबून दाखव. हो, मुद्दाम. तुला वाटेल आता पळून जातील. जो तेवढ्यावरून पळाला तो नंतर पळण्याऐवजी आत्ताच पळाला, बरं झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीची पावती, डॉक्टरांचे कागद, महापालिकेचा परवाना असेल तर तो नव्या नावावर करून घ्यायला सांग. चिप असेल तर तिची नोंदही बदलायची. एका साध्या कागदावर दोघांच्या सह्या घे: बंड्याचा स्वभाव, चाव्याची घटना, आम्हाला सगळं सांगितलं आहे, आणि कधीही नको झाला तर दुसऱ्या कुणाला न देता मला आधी कळवायचं. धोका असलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ कलमाखाली शिक्षा होऊ शकते, म्हणून हा कागद त्यांच्याइतकाच तुझ्याही भल्याचा आहे.

दिवाळीच्या तोंडावर देऊ नकोस, गणपतीतही नको. नव्या घरात ढोलताशा आणि बॉम्ब ऐकत पहिली रात्र काढायला लावलं तर भला कुत्राही बिथरेल. त्याची गादी न धुता दे, वास राहू दे. तेच खाणं आठवडाभराचं सोबत दे. तोंडाला लावायचं जाळीचं मुसकं त्याला आधीच सवयीचं करून ठेव, आत पनीरचा तुकडा ठेवून रोज थोडा वेळ, म्हणजे डॉक्टरकडे नेताना नव्या माणसांना कुस्ती खेळावी लागणार नाही. आणि त्यांना सांग की पहिले काही दिवस पाहुणे नकोत, लाड नकोत, ‘शेक हँड’ नको. कुत्रेवाले तीनाचा हिशेब सांगतात: तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर समजून घेण्याचे, तीन महिने ते आपलं वाटायचे. दर कुत्र्याला हा हिशेब लागू पडतो असं नाही, पण तिसऱ्याच दिवशी ‘हा आमच्यात मिसळत नाही हो’ असा फोन आला तर तुला काय बोलायचं ते माहीत असेल. तू मात्र पहिला महिनाभर भेटायला जाऊ नकोस. फोटो मागव, रड, पण जाऊ नकोस. तुला बघून तो दाराशी बसून राहील.

एक गोष्ट अवघड आहे, तरी बोलते. काही कुत्री खरंच खोल चावतात, न सांगता, पुन्हा पुन्हा, आणि तपासण्या, औषधं, जाणकार माणूस, सगळं करूनही. अशा कुत्र्याला दुसऱ्याच्या घरात पाठवणं म्हणजे आपलं संकट नाव बदलून त्यांच्या दारात ठेवणं. तेव्हा पशुवैद्याशी बसून त्याला शांतपणे जाऊ देण्याबद्दलही बोलावं लागतं, आणि तो निर्णय घेणाऱ्या माणसाला कुणी नावं ठेवू नयेत. बंड्या त्यांतला नाही. तू रात्री तीन वाजता नेमकं हेच मनात आणत असशील म्हणून सांगितलं.

वेळ लागेल गं. कदाचित सगळा पावसाळा जाईल. तोवर ते फाटक, बंद दाराआडचं जेवण आणि कोपऱ्यातली गादी एवढ्यावर घर चालतं, मी चालवलंय. सासूबाईंना रोज संध्याकाळी बंड्याला जिन्यापर्यंत न्यायचं काम दे, कामाला लागलेलं माणूस कमी बोलतं.

आता बाळ उठायच्या आत पशुवैद्याची वेळ घे, आणि जाहिरात लिहून मला पाठव. फोटोत त्याला गॉगल घातलास तर मी फोनच उचलणार नाही.